शनिवारची वीज

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक आजी-आजोबा नंबर लागायची वाट बघत होते. आजोबा मोबाइलवर घरच्या सोलरचे आकडे बघत होते.

“हे बघ, शनिवारी पुन्हा वीज कमी. पंचवीस वर्षं टिकतील म्हणाला होता तो सोलरवाला. तिसऱ्याच वर्षी पॅनेलं म्हातारी झाली.”

“फक्त शनिवारपुरती?”

“तेच तर कळत नाही. मी त्यांचं काही कमी करतो का? ऊन चढायच्या आत साध्या पाण्याने धुतो, मऊ फडक्याने पुसतो.”

“माझा चष्मा कधी पुसला नाहीत.”

“सावली पडली की पॅनेल खराब होतं, म्हणून झाडाची फांदीसुद्धा तोडली.”

“त्याच फांदीला माझी कपडे वाळत घालायची दोरी होती.”

“मग?”

“मग काय. शनिवारी उशांना ऊन दाखवायचं असतं. तुम्ही वाचनालयात गेलात की पसरते पॅनेलांवर.”

“अगं, त्या सोलरवाल्याशी मी कितीदा भांडलो.”

“हो ना. चहा मीच देत होते त्याला.”

आजोबांनी मोबाइल खिशात ठेवला.

“तरीच शनिवारी झोप छान लागते.”

“छान म्हणजे काय, घोरता रात्रभर.”

“उद्या गच्चीच्या त्या टोकाला दोरी बांधून देतो. पण सोलरवाल्याला फोन तू कर.”

“मी बाई काय सांगणार? मला त्या सोलरमधलं काही कळत नाही.”