लेवल नव्वद

हसायचं नाही, तरच सांगतो. पोलीस भरतीत मी तिसऱ्यांदा धावण्यात फेल झालो होतो. घरी बसून दिवसभर मोबाईलवर त्या जपानी गोष्टी वाचून राहिलो होतो. त्यात माणूस दुसऱ्या दुनियेत जाते अन् तिथं हरेकाच्या डोक्यावर त्याची लेवल आकड्यात दिसते. मले हुक्की आली. मी वहीत घरच्या सगळ्यायची लेवल लिहून टाकली.

रोवण्याचे दिवस. बाबा धानाच्या बांधीतून चिखलानं भरून घरी आले, तं बहिणीच्या हातात माही वही. तिनं मोठ्यानं वाचलं, "बाबा, लेवल दोन. कला: धान रोवणे. जादू: काही नाही."

बाबानं इचारलं, "दोन म्हंजे?"

"ताकद हाय थे, बाबा," मी पुटपुटलो. "खेळातली."

"अन् तुही किती?"

मी वही हिसकाले गेलो. पण बहीण कायले गप्प बसते! "नव्वद!"

मले वाटलं, आता कानाखाली बसते. बाबानं पाय धुता धुता आईले आवाज देला, "आयकलं काय वो? पोट्टं माह्याहून अठ्ठ्याऐंशीनं समोर गेलं!"

टोमणा असता तं चाललं असतं. ते खरंच खुश होते.