मोरीतल्या पाइपाचं फडकं

माणूस गेल्यावर त्यानं हौसेनं आणलेली वस्तू कोणाची?

दादाला जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यानं मुंबईहून आणलेल्या कपडे धुण्याच्या मशीनमधून कपडे ओलेचिंब निघू लागले.

बाबा म्हणाले, "भंगारात दे. पिळतच नाही तं ठेवायचं कायले?"

वहिनी मशीनला टेकून उभी राहिली. मी तडक पाना आणून मागचा पत्रा खोलला.

"भाऊजी, तुमाले येते का हे?"

"दादाले तरी कुठं येत होतं?"

दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

आत सगळं ठीक होतं. मग मोरीत पाहिलं, तर पाणी सोडायच्या पाइपाच्या तोंडाला गाळण्याचं फडकं बांधलेलं, धाग्यादोऱ्यांनी पार बुजलेलं. पाणी आतच तुंबत होतं.

"हे कोणं बांधलं?"

"तुमच्या दादानं. मुंग्या आत जाऊन मरतीन म्हणे."

आम्ही जैन, पण मुंगी मेली तर जेवण न जाणारा दादा एकटाच.

गाठ घट्ट होती. कापवली नाही, नखांनी सोडवली. कपडे पिळून निघाले. बाबा आपल्या दुकानात गेले.

मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा फाडला आणि मुंग्यांसाठी पाइपाला बांधला.