भिंतीवरचं पडकं देऊळ

आमच्या हॅनोव्हरच्या बेडरूममधलं ते चित्र अजून जागेवर का आहे, ते सांगते. घर फर्निश्ड, त्यामुळे अठराव्या शतकातल्या निसर्गचित्राची ती नक्कलही घरासोबत आली. झाडं, मेंढ्या, मधोमध पडकं रोमन देऊळ. सासूबाई राहायला आल्या आणि म्हणाल्या, “नव्या संसारात भग्न देऊळ नको. उतरव.”

घरमालकीणबाईंना विचारलं, तर त्या दुखावल्या. “असं देऊळ कधी नव्हतंच. चित्रकारानं मनानं काढलंय.”

मी ते मराठीत सांगितलं.

“मनानंच काढायचं, तर धड काढायला काय झालं होतं?”

मी तेही जर्मनमध्ये सांगितलं.

“हो, पण धड असतं तर कोणी राहायला आलं असतं. भिंतीला खिळे ठोकले असते.”

पुण्यात सासूबाईंचेही भाडेकरू आहेत. चित्राकडे जरा वेळ बघून त्या म्हणाल्या, “राहू दे गं.”