कृपया लक्ष द्यावे

हॅलो?… हो ताई, मीच… नाही गं, झोपले नव्हते…

उद्या येतेयस ना बाळाला न्यायला? दुपटी भरून ठेवलीत पिशवीत… रडतेय कुठे? सर्दी झालीय… बरं, रडतेय.

तुझ्याकडेच सुखात राहील तो… छे, त्रास कसला! सगळे म्हणतात, किती गुणी बाळ, रडतसुद्धा नाही… ताई, गुणी नाही गं तो. हाका मारून मारून थकलाय. दूध पाजते, लंगोट बदलते, मग भिंतीकडे बघत बसते. चार महिन्यांत एक शब्द नाही बोलले त्याच्याशी… स्टँडवर दिवसभर गाड्या पुकारणारी मी, घरात ओठच उघडत नाहीत…

हो, आज दाखवलं ना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतरचं मनाचं आजारपण आहे. गोळ्या दिल्यात… नाही, आळशी नाही म्हणाल्या. ते सासूबाई म्हणतात.

अगं ऐक ना… येताना स्टँडवर थांबले. आणि भोंग्यातून माझाच आवाज!… हो, बाळंतपणाच्या रजेआधी रेकॉर्ड करून ठेवलेला. तर यानं मान वळवली, ताई! इकडे बघतोय, तिकडे बघतोय, पाय झाडतोय… पोटात असताना रोज ऐकलेला ना. भोंग्यात आई शोधत होता गं… आणि मी खाली, त्याला मांडीवर घेऊन मुकी. साऱ्या जगाला वाट सांगितली, घरचंच पाखरू चुकलं…

आत्ता?… काय बोलू त्याच्याशी? अंगाई कुठं येते मला… काहीही?… हसशील तू… बरं. थांब, जवळ घेते त्याला. फोन नको ठेवूस हं…

प्रवाशांनी… प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आईची गाडी… काही कारणानं उशिरा येत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल… गैरसोयीबद्दल आई…

ताई.

बघतोय गं. इकडेतिकडे नाही, माझ्या तोंडाकडे…

नाही, हसला नाही अजून… हसेल म्हणतेस?… एवढं सगळं वाया घालवल्यावरही?…

तू ये उद्या. पण न्यायला नको… राहायला ये… हो, दुपटी काढते बाहेर…

ठेवू आता? ओठांकडे बघत थांबलाय तो… पुढची गाडी सांगायचीय.