बंदुकीच्या मापाचं शिसं

—अर्धंच ऐकलं ना तुमी? 'डोमाजी ओताऱ्यानं रझाकारांले गोळ्या ओतून देल्या, अन् त्यातल्याच एका गोळीनं—' एवढं बोलले अन् तुमाले पाहून गप झाले. बाजारातले लोक असेच! बसा माणिकराव. भाच्यासाठी पोरगी पाहायले आले अन् आधी शेजारणीले इचारून राह्यले, बरं केलं. आमचे मालक म्हणतात, लोकांच्या भिंतीले कान असतात, आपल्या भिंतीले मथुरा हाय. पोरगी म्हणाल तर डोमाजी भाऊंची पद्मिनी सोनं हाय, सोनं.

गोळ्या ओतल्या का? ओतल्या. खोटं कशाले बोलू? आठ वर्षं झाली. रझाकारांनी जुन्या पलटणीतल्या बंदुका आणून भाऊंच्या ओट्यावर टाकल्या — बारूद होती, काडतुसांची रिकामी टोपणं होती, गोळ्या नव्हत्या. डोमाजी भाऊ घंटा-समया ओतणारे, पण त्यांनी मऊ शिशाचा गोळा नळीत ठोकला, इकडून घातला तिकडून काढला, अन् त्यावर उठलेल्या रेघा पाहून माप ओळखलं. नळ्या झिजलेल्या. अशा नळीले गोळी जाड लागते — अंगानं भरलेली, बोथट नाकाची, मेण धरायले कमरेले खाचा. मंग भाऊंनी कोणता साचा घेतला? बारीक! टोकदार, गुळगुळीत, नवरीवानी देखणी गोळी — अन् नळीत खुळखुळणारी. बाहेर पडली की कोलांट्या खाणार. रझाकार खूश! त्या गोळ्यांनी झाडावरचा कावळा नाई मेला. हसा, हसा, आमीही लय हसलो.

मंग माणूस मेला तो कसा? मेला ना, ते खरं हाय — पण त्या गोळीनं नाई! रझाकारांशी लढणारी आपली पोरं पैनगंगेपल्याड लपून होती, त्यांच्यापाशीही तसलीच एक बंदूक. त्यांले भाऊंनी खरी गोळी देली — जाड, तीन खाचांची, मेण भरलेली. पोरांनी नाल्यात रझाकारांच्या गाड्या अडवल्या. बार सरळ गेला. कोणाले लागला? गाडीवानाले. तुमच्या-भाऊंच्या जातीचाच, गाडीतून भांडी इकत हिंडणारा — त्याले गाडीबैलासकट वेठीले धरलं होतं, बिचाऱ्याले. प्रेत आधी इथंच आणलं, कोणत्या गावचा ते मले ठाव नाई. आंघोळ घालताना गोळी हाताले लागली. डोमाजी भाऊच पाणी घालून राह्यले होते. त्यांनी गोळी धुतली, खाचांवरून अंगठा फिरवला — एक, दोन, तीन — अन् मुठीत धरून बसले. तवापासून त्यांच्या घरात शिसं नाई. जेवताना बोटं फुंकतात, भात थंडा असला तरी. मी इचारलं, भाऊ, काऊन फुंकता? तर म्हणतात, पोळते.

माणूस मात्र देव हाय, हे ध्यानात ठेवा. यंदा नांदेडचं स्थळ आलतं — मास्तर पोरगा, बापाचं शेत! भाऊ नाई म्हणाले. मी म्हटलं, नांदेड मुंबईकडे गेलं अन् आपण आंध्रात, पोरगी परमुलखात जाईल म्हून असंल. तर नाई! म्हणाले, पद्मिनी भीमपूरलेच देईन, त्या बिनबापाच्या घरी, दुसरीकडे नाई. ते कोणतं घर, मी—

उठले काऊन?

काय म्हणता? भीमपूरचं ते घर तुमच्या बहिणीचं? तिचा मालक... भांड्याची गाडी? त्याच साली?

अगं माय.

अन् प्रेत घेऊन कोण आलतं तुमच्याकडे? डोमाजी भाऊ? सोता गाडी हाकत? अन् म्हणाले, रझाकारांची गोळी लागली — असं म्हणाले?

माणिकराव, मी बाई माणूस, चार इकडचं चार तिकडचं... नाई. आता कशाले झाकू? पण त्यांनी मारलं नाई हो. गोळी तेवढी चांगली ओतली. अन् पोरगी तवा एवढीशी होती, तिले यातलं काईच ठाव नाई. ते पाहा — दारात उभी हाय, तांब्या घेऊन, तुमच्या पायावर पाणी घालायले. डोकं वर करून पाहातही नाई.

जा. तिच्या दारात जायचं का मोटारीकडे, ते तुमचं तुमी पाहा. मले सांगू नका. एवढं एक मले सांगू नका.