इथून दिसत नाही

एखाद्याचं आयुष्यभराचं काम चारचौघांत असं मोडीत काढायचं नसतं, एवढंही कळू नये माणसाला? — नाही, तुम्हाला नाही म्हणत मी, मावशी. बसा तुम्ही. बाबा नाहीत. म्हणजे — दीड महिना झाला त्यांना जाऊन. तुम्हाला कुणी बोललं नाही? फणसवाडीत तर सगळ्यांना सगळं कळतं. आणि तसंही, पत्रिका करणं त्यांनी दिवाळीपासूनच सोडलं होतं. का म्हणजे? मी सोडायला लावलं. मी जुई, त्यांची मुलगी.

फिजिक्स केलंय मी. त्या दिवशी इथेच, तुम्ही बसलायत तिथेच, एक जोडपं बसलं होतं, पत्रिका जुळत नाही म्हणून मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला निघालेलं — माझं डोकंच फिरलं. त्यांच्यासमोर म्हटलं, बाबा, तुमचं सगळं गणित पृथ्वी मध्ये धरून चालतं, आणि ती मध्ये नाहीये, हे शाळेतल्या पोरांनाही माहितीये! खरंच होतं ना? आजही खरंच आहे, एक शब्द मागे घेणार नाही मी. पण ते ओरडले असते तर बरं झालं असतं हो. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नि विचारलं, मग मध्ये काय आहे? म्हटलं, सूर्य. आणि तोही कुठेतरी कडेला. खरा मध्य असा कुठे नाहीच. ते म्हणाले, बरं. बस, एवढंच — बरं. दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी काढली.

मग दिवसभर या टेबलाशी बसून असायचे. मला वाटायचं, रुसलेत. रुसू देत — मला घाई होती ना, जग सुधारायची! परवा खण आवरताना वही सापडली. माझं कॉलेजचं पुस्तक शेजारी घेऊन, मावशी, पासष्टीचा माणूस सूर्य मध्ये ठेवून पत्रिका मांडत होता. माझी पत्रिका. पानंच्या पानं खोडलेली. कारण ते जमतच नाही — सूर्यावरून पाहिलं की उगवणं नाही, मावळणं नाही, गिरगाव नाही, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं नाहीत. त्या दिवशी जन्मलेली सगळी पोरं सारखीच. शेवटच्या पानावर फक्त लिहिलंय — इथून जुई दिसत नाही.

गणित बरोबर आहे हो त्यांचं. अगदी बरोबर. आणि मी बाजूच्या खोलीत होते. एकदा विचारलं असतं, काय लिहिताय — नाही विचारलं.

नाही, रडत नाहीये. तुमच्या नातीची पत्रिका मी करणार नाही, कुणीच करू नये. कधी झाली म्हणालात? पहाटे? इथेच, गिरगावात? बघू चिठ्ठी. हं. छान वेळ आहे — छान म्हणजे, तसं काही नसतं, वेळेत काही नसतं. तिला खूप शिकवा. आणि — नाही, काही नाही. या आता तुम्ही. या.

बऱ्याच वेळाने शेजारच्या दारातून कालिंदीकाकू म्हणाल्या, "जुई, त्या बाई कधीच खाली उतरल्या गं. चिठ्ठी तुझ्या हातातच राहिली."