आवाज द्याचा कोणाले?

...अन् वरून मॅडम म्हणते, आवाज द्या! आता तुमीच सांगा, आवाज द्याचा कोणाले?

तुमाले सांगतो, आपली बबिता सिस्टर हो, झरीच्या पल्याड जंगलाच्या काठावर दवाखाना हाय तिचा, सव्वीस वर्षं बाळंतपणं करून राह्यली, अन् आता तिले यवतमाळले तीन दिवसाचं ट्रेनिंग. कायचं? तं जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा श्वास कसा चालू कराचा त्याचं. टेबलावर रबरी बाळ. बाईनं पुसलं, पाठ चोळली, पिशवीनं हवा दिली, सारं झटपट. तरी ट्रेनिंगवाली मॅडम चष्म्यावरून पाह्यते, "सिस्टर, पहिली पायरी काय? मोठ्याने आवाज देऊन मदत बोलावणे. दिला आवाज? नाही. नापास."

आता कशी देईन ती? तिच्याइथं डॉक्टर तीन गावात वाटलेला, दुसऱ्या सिस्टरची खुर्ची चार वर्षांपासून रिकामी, राह्यली झाडपूस करणारी रामीबाई मौशी, तिले ऐकू येत नाही. सव्वीस वर्षांत एकदा दिलता आवाज, तं बकरी आलती. मंग आवाज द्याचा कोणाले?

पण परवा परीक्षा, अन् तिच्यात नापास झाली तं लेबर रूम सुटली, स्टोअरात चादरीच्या घड्या घालत बसा. बाईनं होस्टेलच्या गच्चीवर जाऊन सराव केला, "कोणी हाय काय..." तं चौकीदार काठी घेऊन वर, म्हणे, "काय झालं बाई, साप निंगाला काय?"

परीक्षेत असा आवाज दिला, असा दिला, का बाजूच्या हॉलातली मलेरियाची मिटिंग उठून धावत आली. मॅडम खूश. पास. अन् हातात एक फॉर्म, दर केसले भरून पाठवाचा. त्यातला एक रकाना, "आवाज दिल्यावर कोण आले?"

परत आल्यावर मंगळवारी दुपारी तिच्या दवाखान्यात गावातल्या रुक्माबाईची सून बाळंत झाली. पोरगं निळं, लुळं, आवाज नाही. रबरी नव्हतं ना ते... बाईचे हात चालून राह्यले. नियम म्हणजे नियम. "कोणी हाय काय?" कोणी नाही. पाठ चोळली. पिशवी लावली, हवा दिली, पुन्हा दिली. रामीबाई तिकडं ओसरीत चादर झटकत होती. बाईचे डोळे भरले, नियमबियम इसरली अन् पोटातून ओरडली, "अरे, कोणी तं या रे!"

तं पोरगं रडलं.

संध्याकाळी फॉर्म घेऊन बसली. सारं भरलं, तो रकाना राह्यला. आवाज दिल्यावर कोण आले? खोटं लिवाची सवय नाही बाईले.

लिवलं, "बाळ."